कौटुंबिक हिंसाचाराचं धोरण शिकायचं कुठून: कायद्याच्या पुस्तकातून की तालुक्याच्या टेबलावरून?

ऋता_नगरकर

नमस्कार मंडळी. मी सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या आम्ही पाच जणांनी प्रबंधासाठी कौटुंबिक हिंसाचार हा विषय घेतला आहे. इथे वकील, शिक्षक, सरकारी नोकरीतले असे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

वर्षभरात वर्गात शिकलो ते असं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, प्रत्यक्षात लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. हिंसेच्या व्याख्येत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, चारही प्रकार. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागायला गेलेल्या फक्त १४ टक्के. शिवाय अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८४ मध्ये तयार झालेलं 'सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र', म्हणजे नवरा बायकोला कशाकशाने ताब्यात ठेवतो ते चाकाच्या आऱ्यांत मांडलेली आकृती.

मग गेले सहा मंगळवार मी एका तालुक्याच्या गावी संरक्षण अधिकाऱ्यांच्या, म्हणजे या कायद्याखाली बाईची तक्रार नोंदवून तिला मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, टेबलाशेजारी बसले. त्यांची आणि आलेल्या प्रत्येक बाईंची परवानगी घेऊनच. तिसऱ्या मंगळवारी एका बाईंचा डीआयआर, म्हणजे घरातल्या हिंसेच्या घटनेचा अहवाल, भरणं चाललं होतं. फॉर्मवर तारीख, वेळ, ठिकाण असे रकाने असतात. बाई म्हणाल्या, "कुठली तारीख सांगू? रोजचंच हाय." अधिकाऱ्यांचं पेन तसंच थांबलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बरं, हात कधी मोडला?" "पोळ्याच्या आदल्या दिवशी." मग भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटून पोळा शोधला आणि रकान्यात एक तारीख आली. पुढे कोर्टात ती बाई त्या एका तारखेची तक्रारदार. अकरा वर्षं कुठल्याच रकान्यात बसली नाहीत.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आम्ही धोरण शिकतोय म्हणजे नेमकं काय शिकतोय. माझे दोन प्रश्न:

१. धोरणाच्या विद्यार्थ्याने या विषयात सुरुवात कुठून करावी?
२. मार्गदर्शक म्हणतात वीस पीडित बायकांच्या मुलाखती घ्या. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ

महत्त्वाचा विषय. रुमाल टाकून ठेवतो, सवडीने लिहीन.

वकीलकाका

ऋताताई, तालुका कोर्टात बावीस वर्षं झाली, डीव्हीची, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराची, मॅटर्स बरीच चालवली. थोडं विस्ताराने लिहितो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहा. कलम १२ खाली अर्ज आला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत. नोटीस बजावायची संरक्षण अधिकाऱ्याने, जास्तीत जास्त दोन दिवसांत. आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करायचा. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता प्रत्यक्ष. नवरा चाकणला कंपनीत, पत्ता माहीत नाही. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते. घरचे सांगतात, तो इथे राहत नाही. नोटीस परत. पुढची तारीख. मग नवरा येतो, वकीलपत्र दाखल करायला मुदत. पुढची तारीख. म्हणणं द्यायला मुदत. साहेब रजेवर. पुढची तारीख. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं ॲफिडेव्हिट द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवून दिलं. फार मोठी गोष्ट झाली. पण त्या ॲफिडेव्हिटसाठीही मुदत मागितली जाते. अंतरिम पोटगीचा हुकूम झाला तरी पैसे हातात पडत नाहीत, त्यासाठी वसुलीचा वेगळा अर्ज. दरम्यान बाई माहेरी भावजयीच्या घरात दिवस काढत असते.

माझा सल्ला एकच, रोजनामा वाचा. प्रत्येक तारखेला काय झालं याची एक ओळ त्यात असते. निकाली निघालेल्या पन्नास प्रकरणांचे रोजनामे परवानगी काढून वाचा आणि प्रत्येक तारीख कशामुळे पुढे गेली ते लिहून काढा. साठ दिवसांचे दिवस नेमके कुठे गेले ते कळेल. ते कळलं की कुठली दुरुस्ती कुणी करायची हेही कळेल.

मृण्मयी_डी

वकीलकाका, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

ऋता, मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

कोर्टाच्या कितीतरी आधी बाई आमच्याकडे येते. केसपेपरवर लिहिलेलं असतं 'घरात घसरून पडली'. घसरून पडलेल्या माणसाचं मनगट, गुडघा, खुबा दुखावतो. दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ उठत नाहीत. पण ओपीडीत दीडशे पेशंट असताना, नवरा दारातच उभा असताना विचारणार कोण? मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते याचसाठी. तिथला खरा विचार असा की हिंसा हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि नर्स-डॉक्टरांना विचारायचं कसं ते शिकवलं तर बाई बोलते. नवऱ्याला एक्स-रेच्या कागदावर शिक्का आणायला पाठवणं ही आमच्याकडची जुनी पद्धत. तेवढ्या सात-आठ मिनिटांत बोलून घ्यायचं.

आता मुलाखती. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच यावर सूचना काढल्या आहेत, त्यात बाईची सुरक्षितता सगळ्यात वर. तू उल्लेख केलेल्या पाहणीतही हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. प्रशिक्षित माणसांना एवढी बंधनं असतील, तर चार महिन्यांच्या प्रबंधासाठी तुम्ही पाच जणांनी वीस घरांत जाऊन काय साधणार? तू निघून आल्यावर त्या घरात रात्री काय होईल याची जबाबदारी तुला घेता येणार आहे का? नसेल तर विचारू नको. अधिकाऱ्यांना विचार, नर्सला विचार, हवालदाराला विचार. त्यांच्या मुलाखती कुणी घेतच नाही.

खडकवासला

दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो. माझ्या मेव्हण्यावर खोटी तक्रार झाली. सत्तरीच्या आईवडिलांना पोलिस स्टेशनात बसवून ठेवलं. चार वर्षांनी सगळे निर्दोष सुटले, पण तोपर्यंत घराचं होतं नव्हतं ते संपलं. धोरण शिकणाऱ्यांनी गैरवापराचाही अभ्यास करावा. अभ्यास एकाच बाजूचा केला तर त्यातून येणारं धोरणही एकाच बाजूचं होईल.

वकीलकाका

खडकवासला, तुमच्या घरावर जे गुदरलं ते वाईटच. पण तुम्ही सांगताय ते ४९८-अ, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम. तो १९८३ मध्ये आलेला फौजदारी गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६. सरसकट अटक करू नका असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पोलिसांना बजावलं ते त्याच कलमाच्या संदर्भात. इथे चर्चा आहे ती २००५ च्या कायद्याची. त्यात अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. बाई मागते ती राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा आणि मारू नये असा आदेश. तो संरक्षण आदेश मोडला तरच गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे दोन कायदे एकच समजण्याची चूक शिकलेली माणसंही करतात. आणि त्याचा तोटा होतो तो बाईचा. तिला नवऱ्याला तुरुंगात टाकायचंच नसतं, म्हणून ती कुठेच जात नाही. तिला कुणी सांगतच नाही की तुरुंगाचा रस्ता सोडून दुसराही एक रस्ता आहे.

खडकवासला

हा फरक मला खरंच माहीत नव्हता. धन्यवाद. तरी म्हणणं कायम आहे की आमच्यासारख्यांचे अनुभवही कुठेतरी नोंदले जावेत.

ऋता_नगरकर

खडकवासला, नोंदवते. रोजनामे वाचताना मागे घेतलेले आणि फेटाळलेले अर्जही त्यात असतील. ते वगळणार नाही.

सुनंदा_काकू

ऋता बाळ, मी बालविकास प्रकल्पात पर्यवेक्षिका होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडेच संरक्षण अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार होता. म्हणजे पोषण आहार त्यांचा, अंगणवाड्यांच्या भेटी त्यांच्या, वजन-उंचीची माहिती त्यांची, वरून व्हीसी (व्हिडिओ बैठक) लागली की दिवस तिकडे. आणि यातून उरलेल्या वेळात डीव्ही. बाई चांगल्या होत्या हो, मनापासून करायच्या. पण गाडी नाही, शिपाई नाही. नोटीस घेऊन कधी त्या स्वतः एसटीने गेल्या, कधी मी गेले.

सगळ्यात वाईट म्हणजे वेगळी खोली नव्हती. बाईला जे सांगायचं ते आठ माणसांत. एका टेबलावर बिलं चाललेली, दारात ठेकेदार सहीसाठी उभा. एकदा एक पोरगी आली, विशीतली. बोलेचना. नुसती पदराचं टोक पिळत बसली. मग मी तिची खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि माझी खुर्ची तिच्या पाठीशी आडवी लावली, म्हणजे माणसांना ती दिसू नये. भिंतीकडे बघत बघत तिने सगळं सांगितलं. नंतर आम्ही ते कायमच केलं. एक खुर्ची भिंतीकडे. कुठल्या जीआरमध्ये नव्हतं ते.

तर तू विचारतेस सुरुवात कुठून. माझं म्हणणं, पैसे बघ. संरक्षण अधिकाऱ्याच्या प्रवासाला, टपालाला, झेरॉक्सला वर्षाला किती रुपये आले आणि कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी खर्चाच्या कुठल्या खात्यातून, ते माहितीच्या अधिकारात माग. पुस्तकातलं धोरण मोठं असतं. टेबलावर किती पोचलं ते त्या रकमेत दिसेल.

मृण्मयी_डी

सुनंदाकाकू, खुर्चीचं वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही. __/\__

गोदाकाठ

काकूंना साष्टांग. अतिरिक्त कार्यभाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेलाच होता. जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असे आदेश राज्यांना २०२५ मध्ये दिलेत. विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यात जाऊन नेमणूक झाली का, आणि झाली तर त्या माणसाकडून आधीची कामं काढून घेतली का, एवढं जरी पाहिलं तरी मोठं काम होईल.

टेम्सकाठची_मनी

मी इंग्लंडमध्ये सामाजिक धोरण शिकतेय, म्हणून इकडचं थोडं. इथे २०१५ पासून सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे ऋताच्या 'रोजचंच हाय'ला इथे कायद्यात जागा आहे. एकेक घटना सुटी न धरता वागण्याची सलग रीत पाहतात. २०२१ च्या कायद्याने तर घरात हे पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या मुलांनाही स्वतंत्रपणे पीडित मानलं. पण सिद्ध करणं इथेही अवघड जातं.

अभ्यासपद्धतीबद्दल एक. अमेरिकेत मिनियापोलिसला १९८१-८२ मध्ये प्रयोग झाला. मारहाणीच्या तक्रारीवर अटक करायची, समज द्यायची की त्याला काही तासांसाठी घराबाहेर काढायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. अटक केलेल्यांनी पुन्हा मारण्याचं प्रमाण कमी निघालं आणि अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. मग तोच प्रयोग इतर शहरांत केला, तर मिलवॉकीत बेकार पुरुषांच्या बाबतीत अटकेने मारहाण उलट वाढली. एका शहराच्या आकड्यावर देशभराचं धोरण बेतलं की काय होतं, ते यावरून आम्हाला शिकवतात.

ऋता_नगरकर

मनी, हे फार उपयोगी आहे. डुलुथच्या चक्राबद्दल मला असंच काहीसं वाटतंय. त्यात नवरा आणि बायको दोघंच आहेत. माझ्या सहा मंगळवारांत अशी दोघांचीच एकही केस नव्हती. सासू होती, दीर होता, नणंद होती. माहेरही होतं, 'नांदायला जा, लोक काय म्हणतील' म्हणणारं. एका बाईंचं रेशनकार्ड सासूच्या ट्रंकेत कुलूपबंद होतं. चक्राच्या कुठल्या आऱ्यात ते बसवायचं?

वकीलकाका

म्हणूनच आपल्या कायद्यात 'कौटुंबिक नातेसंबंध' हा शब्द आहे. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, सगळ्या दाद मागू शकतात. २०१६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने 'सज्ञान पुरुष' हे शब्दच काढून टाकले. आता सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज चालतो. आणि २००६ मध्ये सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाही असा निकाल होता, तो २०२० मध्ये फिरला. घर कुणाच्या नावावर आहे यावर तिचा राहण्याचा हक्क आता अडत नाही.

माणदेशी

घर कुणाच्या नावावर याच्यावरनं लिहितो. काका म्हणत्यात ते राहण्याच्या हक्काचं. मी म्हणतो मुळात घर-जमीन तिच्या नावावर का नसावी? १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' काढली, बायकोच्या नावावर जमीन करायची. आमच्या आत्याच्या नावावर तेव्हा वीस गुंठे झाली. मामा तापट माणूस, आधी हात उचलायचा. पुढं आत्या एकच वाक्य बोलायची, "सातबारा कुणाचा हाय?" तिथंच तो हात खाली यायचा. मी लहान होतो पण डोळ्यानं बघितलंय.

टेम्सकाठची_मनी

माणदेशी, तुमच्या आत्यांचं म्हणणं संशोधनातही आलंय. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांचा केरळमधला अभ्यास आहे, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्यांच्याकडे घर-जमीन काहीच नाही अशा बायकांपैकी ४९ टक्के जणींनी दीर्घकाळची मारहाण सांगितली. जमीन असलेल्यांत ते प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १०, दोन्ही असलेल्यांत ७.

खडकवासला

ज्या घरात बायकोच्या नावावर जमीन करतात तिथली माणसं मुळातच बरी असतील, असंही असू शकतं ना?

टेम्सकाठची_मनी

रास्त शंका. शिक्षण, घरची परिस्थिती, नवऱ्याची दारू, लहानपणी पाहिलेली मारहाण हे सगळं हिशेबात धरूनही त्या अभ्यासात संबंध टिकला. शिवाय घर असलं की निघून जाता येतं. मार खात राहण्यापलीकडे दुसरी वाट असते.

माणदेशी

आत्याच्या नवऱ्याला बरा माणूस म्हणायला मी काय तयार नाय. तिथं बरं होतं ते सातबाऱ्यात.

अवांतर: तंटामुक्ती समितीवरबी कुणीतरी अभ्यास करा. २००७ ला मोहीम आली, गावाला बक्षीस. आमच्या गावात बक्षिसापायी बायकांची भांडणं पारावर मिटवून टाकली. 'झालं गेलं विसरा, नीट नांदा.' तंटा कागदावरनं गेला. बाई तिथंच राहिली.

गोदाकाठ

अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. भांडण मिटलं की गावाला फायदा, बाई सुरक्षित राहिली की गावाला काहीच नाही. धोरणाच्या वर्गात शिकवावं असं उदाहरण आहे.

दारवंटा

इथे वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा लिहितेय. नाव-गाव सांगणार नाही.

मी या सगळ्यातून गेलेली आहे. संस्थेत होते तेव्हा तीन वेळा विद्यार्थी आले, तिन्ही वेळा मी सगळं सांगितलं. वाईट नव्हती मुलं, एकजण तर रडलीही. पण परत कुणी आलं नाही, आणि त्यांनी काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. त्यांच्या कागदावर मारहाणीचे प्रकार होते, खुणा करायच्या होत्या. किती वेळा, कशाने, कुठे.

मी घराबाहेर पडले त्या रात्री कुठे झोपले हे कुणीच विचारलं नाही. एसटी स्टँडवर. मुलगी चार वर्षांची, माझ्या मांडीवर. कंट्रोलरने रात्रभर दिवा चालू ठेवला आणि पहाटे चहा आणून दिला. आमच्या जिल्ह्यात तेव्हा सखी केंद्र, म्हणजे अशा बायकांना आसरा आणि मदत देणारं सरकारी केंद्र, सुरू झालेलं होतं, हे मला सात महिन्यांनी कळलं. ते स्टँडपासून दोन किलोमीटरवर होतं.

मला विचाराल तर मला मारलं कसं ते शिकून काय करणार. त्या रात्री स्टँडवर एक पाटी असती तर बास होतं.

सुनंदा_काकू

बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. मुलगी कशी आहे?

दारवंटा

यंदा सातवीत आहे. हुशार आहे. गणितात पहिली.

वकीलकाका

ताई, पोटगीचं काही राहिलं असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बायकांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. आणि वाचणाऱ्या सगळ्यांनीच दोन नंबर पाठ करून ठेवा, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२.

ऋता_नगरकर

दारवंटा ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि आज सकाळी गटातल्या चौघांना वाचून दाखवला.

मार्गदर्शकांशी बोलले. मुलाखती रद्द. प्रबंध दोन भागांत करतोय. तिघं रोजनामे वाचणार, प्रत्येक तारीख का पुढे गेली ते नोंदवणार. मी आणि एक मैत्रीण जिल्ह्यातले सगळे एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालयं आणि पोलिस ठाणी फिरून पाहणार, की रात्री दहानंतर एखादी बाई मुलासकट तिथे आली तर तिला सखी केंद्राचा पत्ता कशावरून कळेल. पाटी आहे का, दिवा लागतो का, कंट्रोलरला माहीत आहे का, १८१ लावला तर कोण उचलतं, गाडी येते का. कुणाही पीडितेला काही विचारायचं नाही.

सुनंदाकाकू, लेखाशीर्ष शोधायला मदत लागेल. कधी भेटू?

सुनंदा_काकू

गुरुवारी ये, दुपारी. येताना माहिती अधिकाराचा कोरा अर्ज आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट घेऊन ये. जेवूनच जा.

माणदेशी

आमच्या स्टँडवर मी आज बघून आलो. पाटी नाय. कंट्रोलरला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. त्यानं १८१ कॅलेंडरवर लिहून घेतला. ऋताताई, तुमच्या यादीत आमचाबी तालुका धरा.